फुलांचं बी आणि पेठेतलं एक दुकान

साताऱ्याच्या पेठेतल्या या बियाण्याच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती दुसऱ्याच कुणाकडून घेतलेली बियांची पाकिटं पिशवीत घालून. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. मोबाइलवरून एका कंपनीचा वीस फुलांच्या बियांचा संच मागवला होता, 349 रुपयांचा. प्लास्टिकच्या वीस पुड्या, वर झकास फोटो. एकाही पुडीवर तारीख नव्हती, उगवणशक्ती किती टक्के तेही नव्हतं. पिटुनिया, पॅन्झी, ॲस्टर, डायंथस, जे होतं ते सगळं मी एका रविवारी गच्चीवर पेरून टाकलं. तीन आठवड्यांत जे वर आलं त्यातलं बरंचसं तण निघालं. झिनियाची चार रोपं आली, तीही बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडली. बी खराब की माझं काही चुकलं, काही उमगेना. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पेठेत बियाण्याचं दुकान आहे, तिथल्या काकांना दाखवा.

दुकान अरुंद आहे. पुढे शेतकऱ्यांचा माल: मेथी, कोथिंबीर, गवार, भेंडी, कांद्याचं बी. डाव्या भिंतीला वरपासून खालपर्यंत फुलांची पाकिटं. काकांनी सत्तरी कधीच ओलांडलेली. त्यांनी माझ्या पुडीतलं उरलेलं बी पांढऱ्या कागदावर ओतलं, कागद जरा तिरका धरला आणि हलकी फुंकर मारली. पोचट बी उडून गेलं. जे राहिलं ते बोटानं मोजलं. मग म्हणाले, "ताई, बी निम्मं पोचट आहे, ते खरं. पण उरलेल्या निम्म्याला तरी तुम्ही संधी कुठं दिली? पॅन्झी थंडीचं फूल. तिला मे महिन्यात पेरलं तर ती काय करंल?" मी विचारलं, मग आत्ता काय देता? म्हणाले, "थंडीच्या फुलातलं आत्ता काहीच देत नाही. सप्टेंबर सरता सरता या. पावसाळ्याचं हवं असंल तर आठ दिवसांनी या, एखादा वळीव पडू दे."

त्या दिवशी त्यांनी मला एक रुपयाचंही बी विकलं नाही. म्हणूनच हे लिहिते आहे. दुकानाचं नाव लिहू का असं विचारलं तर म्हणाले, बियांबद्दल लिहा, आमच्याबद्दल नको. म्हणून नाव देत नाही. साताऱ्यात राहणाऱ्याला पेठेत विचारत गेलं तर सापडेल.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. टपाल खात्यात नोकरी केली, 2019 साली निवृत्त झाले. गच्चीवर साठेक कुंड्या आहेत, पूर्वेचं ऊन दुपारी दोनपर्यंत. भाज्या लावत नाही. फुलंच लावते, देवाला आणि डोळ्यांना. त्या मे महिन्यापासून आतापर्यंत या दुकानातून चार हंगामांचं बी घेतलं आणि बरंचसं बी त्यांना परतही दिलं. परत दिलं म्हणजे काय, ते सांगते, कारण या दुकानाचा खरा मोठेपणा त्यातच आहे.

विकायचं बी सीलबंद पाकिटात असतं. त्याच्यावर लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता, उगवण किती टक्के, शुद्धता किती, हे सगळं छापलेलं असतं आणि काका ते तुम्हाला वाचून दाखवतात. चष्मा विसरला म्हणून सुटका नाही. पण गल्ल्यामागे एक जुनं लाकडी कपाट आहे, औषधांच्या दुकानात असायचं तसं, लहान लहान खणांचं. त्यातल्या बियांना पैसे नाहीत. तुमच्या घरचं बी आणून द्यायचं आणि खणातलं दुसरं काही न्यायचं. आणताना पुडीवर चार गोष्टी लिहायच्या: फुलाचं नाव, रंग, बी कधी काढलं आणि कुठल्या गावचं. यातली एक जरी नसली तरी पुडी परत. पहिल्यांदा मी गुलबाक्षीचं बी नेलं, रंग लिहिला नव्हता. काका म्हणाले, "गुलबाक्षी म्हणजे कुठली? राणी, पिवळी, पांढरी का ठिपक्याची?" मी घरी येऊन कुंड्यांजवळ संध्याकाळी पाच वाजता उभी राहिले, फुलं उमलेपर्यंत थांबले, प्रत्येक झाडाला रंगाचा दोरा बांधला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बी गोळा केलं. तेव्हा कुठे खण उघडला.

आता बी कसं निघालं ते.

गलांडा, म्हणजे गॅलार्डिया. 30 रुपयांचं पाकीट, सरळ वाण, म्हणजे संकरित नसलेलं. जानेवारीच्या शेवटी पेरला, उन्हाळाभर फुलं. पाणी कमी पडलं तरी चालतं त्याला. पूर्ण गुण.

झिनिया मी दोन तऱ्हांची घेतली. एक 120 रुपयांचं संकरित पाकीट, त्यात मोजून 25 बिया. दुसरं 30 रुपयांचं साधं मिश्र रंगाचं. संकरित झिनिया देखणीच होती, वाटीएवढी फुलं, सगळी एका उंचीची, एका रंगाची. देताना काकांनी बजावलं होतं, "याचं बी धरू नका." तरी मी धरलं. पुढच्या वर्षी त्याच बियांतून कुठं एकेरी, कुठं फिकट, कुठं गुडघ्याएवढं, कुठं कमरेएवढं असं सगळं उगवलं. संकरित बी म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम घडवलेला संकर. पहिल्या पिढीत सगळी मुलं एकसारखी दिसतात, दुसऱ्या पिढीत आज्या-पणज्यांचे गुण वेगवेगळे होऊन बाहेर येतात. पाकिटावर 'एफ-1' छापलेलं असलं की एका हंगामापुरतं सौंदर्य विकत घेतलं असं समजायचं. त्यात फसवणूक काही नाही, फक्त विकणाऱ्यानं ते सांगायला हवं. हे सांगतात. साध्या पाकिटातली झिनिया मात्र आता माझ्याकडे चौथ्या पेऱ्याला आहे, आणि प्रत्येक वेळी मी सगळ्यात मोठ्या, सगळ्यात गडद फुलाचंच बी ठेवते. माझी लाल झिनिया आता पाकिटावरच्या फोटोपेक्षा चांगली आहे.

झिनियाचं बी काढायला काकांच्या सूनबाईंनी शिकवलं. दुपारनंतर गल्ल्यावर त्या असतात. फूल झाडावरच वाळू द्यायचं, देठ तपकिरी होऊन वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. मग वाळलेली पाकळी चिमटीत धरून ओढायची. पाकळीच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखं चपटं करडं बी चिकटून येतं. नखानं दाबून बघायचं. घट्ट लागलं तर भरलेलं, नखाखाली दबलं तर पोचट. एका फुलात किती पोचट निघतं ते बघितलं की कळतं, नुसतं फूल चुरडून डब्यात भरणं म्हणजे निम्मा कचरा सांभाळणं.

झेंडूचंही तसंच. दसऱ्याच्या तोरणातला वाळलेला झेंडू आपण सगळेच कुंडीत चुरडतो. मी एकदा मोजून बघितलं. तोरणातल्या झेंडूच्या 40 बिया पेरल्या, 9 उगवल्या. बाजारचं फूल ताजं, कोवळं खुडलेलं असतं, त्यातलं बी भरायच्या आतच तुटलेलं. त्याच वर्षी झाडावर पूर्ण वाळू दिलेल्या फुलातल्या 40 पेरल्या, 33 उगवल्या. तेव्हापासून दसऱ्याला दोन झाडं मी तोडतच नाही, ती बियांची. पूजेला कमी पडली तर मंडईतून आणते.

अबोलीबद्दल सविस्तर लिहायला हवं. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, आईच्या अंबाड्यात रोज अबोलीचा वळेसर. साताऱ्यात मला अबोलीची रोपं मिळायची, बी कधी मिळालं नव्हतं, कारण बी दिसतच नाही. तुरा वाळतो आणि बोंडं रिकामी. काकांना विचारलं तर त्यांनी खणातून एक वाळका तुरा काढला, त्यातलं गव्हाएवढं एक बोंड सोडवलं, पितळेच्या वाटीत थेंबभर पाणी घेऊन त्यात टाकलं आणि वर चहाची गाळणी उपडी घातली. "ऐका आता." आम्ही तिघं त्या वाटीवर वाकून बसलो. दहा-बारा सेकंद काही नाही. मग टप्! गाळणीला आतून खडा लागावा तसा आवाज. गाळणी उचलली तर बोंडाची दोन शकलं झालेली आणि चार चपट्या बिया इकडेतिकडे. अबोलीचं बोंड कोरडं असेपर्यंत बी धरून ठेवतं आणि पाऊस लागला की फोडून उधळतं, म्हणजे बी पडतं तेव्हा जमीन ओली असतेच. एवढीशी काडी, तिला पावसाचा अंदाज! वेंगुर्ल्याच्या अंगणात पहिल्या पावसात तुळशीपाशी हा टप् टप् आवाज मी लहानपणी ऐकला होता, तो कशाचा ते मला साठी उलटल्यावर या दुकानात कळलं.

तर अबोलीचं बी असं धरायचं: तुरा तपकिरी झाला की पाऊस किंवा पाण्याची झारी लागायच्या आत कापायचा आणि कागदी पिशवीत ठेवायचा. पेरायच्या दिवशी बोंडं झाकणाच्या डब्यात थोड्या पाण्यात टाकायची. बी ताजं असतानाच पेरायचं, ठेवलेलं हळूहळू उगवेनासं होतं. मी 16 पेरल्या, 11 रोपं झाली. त्यातली चार आज फुलावर आहेत.

तेरड्याचं उलट. त्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शानं फुटतं. गौरींच्या वेळी आमच्याकडे तेरडा लागतोच, तेव्हा झाडावर फुलं आणि बोंडं दोन्ही असतात. हिरवं बोंड फुगून जरा पिवळसर, पारदर्शक झालं की त्याला सगळ्या बाजूंनी मुठीत घ्यायचं आणि मगच तोडायचं. मुठीतच फुटतं आणि तळव्याला गुदगुल्या होतात. माझ्या नातवाला हे एक काम सांगावं लागत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण बी नीट वाळवून ठेवलं तर पुढच्या पावसाळ्याला पुन्हा उभा राहतो.

याच तेरड्यावरून दुकानात घडलेली एक गोष्ट. एक कॉलेजचा मुलगा कास पठारावरून रानतेरड्याचं बी घेऊन आला, बदल्यात काहीतरी मागत होता. काकांनी पुडी हातातही घेतली नाही. म्हणाले, "बाळा, हे तिथलं आहे. परत जाशील तेव्हा वाटेत नको, पठारावरच जिथून घेतलंस तिथं टाक." मग त्याला शेजारी बसवून समजावलं. कास 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 जागांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं. तिथली फुलं कातळावरच्या बोटभर मातीत, तिथल्या पावसात, तिथल्या धुक्यात जगतात, कुंडीतल्या शेणखतात त्यांचा जीव लागत नाही. आणि प्रत्येकानं चिमूटभर नेलं तर लाखभर माणसांच्या लाख चिमटी होतात. मुलगा ओशाळला, पण जाताना गणेशवेलीचं बी घेऊन गेला, फुकट. मला त्या दिवशी काकांचा फार अभिमान वाटला. त्यांच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर राहीबाई पोपेरे यांचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला आहे, 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हाचा. त्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यांनी जपलं ते भाजीचं, धान्याचं गावठी बी. काका म्हणतात, फुलाचंही गावठी बी असतं, त्याला कुणी विचारत नाही एवढंच.

बी ठेवायचं कसं, हे या दुकानात विकत न घेणाऱ्यालाही सांगतात. सावलीत आठ-दहा दिवस वाळवा, उन्हात नको. कागदाच्या पुडीत घाला, पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या किंवा चाळलेली कोरडी राख. बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बियांचे शत्रू दोन, ओल आणि ऊब. बियांतली ओल एक टक्क्यानं कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि तापमान पाचेक अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट, असा बियाणेवाल्यांचा ठोकताळा आहे. जुनं बी पेरायच्या आधी दहा दाणे ओल्या रुमालात गुंडाळून ठेवायचे. आठांना मोड आले तर बिनधास्त पेरा, तिघांना आले तर दाट पेरा, एकालाही नाही तर कंपोस्टमध्ये. गोकर्णाचं बी मात्र आधी रात्रभर कोमट पाण्यात, कारण त्याचं साल दगडासारखं. काका तर ते पॉलिश पेपरवर एकदा घासतात, आतलं पांढरं दिसायच्या आत थांबतात. माझ्याकडे न घासलेलं गोकर्ण वीस दिवसांनी आलं, घासलेलं आठव्या दिवशी.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. ऑक्टोबरात घेतलेलं पिटुनियाचं एक पाकीट वैधता संपलेलं निघालं. मी घरी येऊन बघितलं, त्यांनी त्या दिवशी वाचून दाखवलं नव्हतं कारण गर्दी होती. बदलून दिलं, एका शब्दानं वाद नाही, पण दुसऱ्या फेरीचा रिक्षाखर्च झालाच. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक, ते मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही, त्याला उजेड लागतो, हेही त्या वेळी सांगायचं राहिलं. मला ते माहीत होतं, नवख्याला नसतं. दुसरं, खणांच्या कपाटात देणाऱ्याच्या शब्दावरच सगळं चालतं. "गडद लाल झेंडू" म्हणून नेलेला माझ्याकडे नारिंगी आणि बटणाएवढा निघाला. रंग मिसळणं झेंडूत होतंच, शेजारच्या कुंडीतला परागकण मधमाशी आणतेच. तिसरं, दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं आणि पाटीवर तसं लिहिलेलं नाही. लांबून येणाऱ्यानं सकाळीच यावं. भाजीचं काही बी औषध चोळलेलं, गुलाबी रंगाचं असतं, ते खालच्या फळीवर मुलांच्या हाताला येईल असं ठेवलेलं होतं. मी बोलले, सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी वर हलवलं.

दुकानामुळे मला आणखी एक नाद लागला, तो म्हणजे टपालानं बी पाठवण्याचा. कपाटातून कुणाकुणाचे पत्ते मिळाले, परभणी, वाई, डिचोली, बडोदा. त्यांच्याशी माझी पत्रापत्री चालते. नोकरीत इतकी वर्षं पत्रं हाताळली म्हणून सांगते, बी नुसतं लिफाफ्यात टाकू नये. शिक्क्याचा ठोका तिकिटावर बसतो आणि बी घरंगळून नेमकं त्याच कोपऱ्यात जातं. लग्नपत्रिकेचे दोन जाड तुकडे घ्यावेत, मध्ये पुडी चिकटपट्टीनं बसवावी, आणि ती लिफाफ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवावी, तिकिटाच्या तिरकस समोर. गुलबाक्षीसारखं मिऱ्याएवढं बी असेल तर साधा लिफाफा नको, छोटी डबी करून पार्सल करावं. आणि परदेशी अजिबात पाठवू नये. माझ्या मेलबर्नच्या भाचीनं अबोलीचं बी मागितलं होतं. ऑस्ट्रेलियात बियांवर फार कडक निर्बंध आहेत, तिला नाही म्हणताना जिवावर आलं, पण नाही म्हटलं. मग तिला त्या वाटीतल्या टप् आवाजाचा व्हिडिओ करून पाठवला.

गेल्या महिन्यात काय झालं, तेवढं सांगते. मी दुहेरी पांढऱ्या गोकर्णाचं बी शोधत होते, माझी वेल पावसात कुजून गेली आणि बरणीतलं बी मी सगळं वाटून बसले होते. सूनबाईंनी खण उघडला, एक पुडी काढली. अनोळखी अक्षर, जांभळी शाई: "गोकर्ण, पांढरी, दुहेरी. काढलं मार्चमध्ये. गाव वाई." खाली बारीक अक्षरात, "मूळ बी साताऱ्याच्या पोस्टातल्या बाईंचं." वाईला मी ते बी एकदाच पाठवलं होतं, बारा दाणे. पुडीत आता तीसेक होते. गोकर्णात बहुतेक स्वपरागण होतं, त्यामुळे आईसारखीच लेक येते. म्हणजे ही माझीच वेल. मी दहा दाणे घेतले, वीस खणात ठेवले, आणि वाईच्या बाईंना त्याच दिवशी पत्र टाकलं. दहातल्या आठ दाण्यांना मोड आले आहेत. काल त्यांना दोऱ्या बांधल्या.